एक फोन घेणे आहे

आमचे आजोबा बैल पारखण्यात पटाईत होते. बाजारात ते बैलाजवळ जात, पाठीवरून हात फिरवीत, चार पावले चालवून बघत आणि मग एकदम त्याचा जबडा उघडून दात मोजीत. आदत, दोन दाती, चौसा, सहा दाती, जुळलेला. बैलाचे वय काय आणि त्याच्यात अजून किती वर्षांची ओढ शिल्लक आहे, हे त्यांना दातांवरून कळे. शिंगे रंगवलेली असोत, गळ्यात नवी घुंगुरमाळ असो, आजोबा तिकडे ढुंकूनही पाहत नसत. "रंग पान्यानं जातुय, दात कुठं जात्यात?" असे म्हणत. मग उपरण्याखाली बोटे धरून सौदा व्हायचा. मी तेव्हा लहान होतो. उपरण्याखाली काय चालले आहे ते मला दिसायचे नाही, आणि तिथेच खरी गोष्ट घडते आहे असे मात्र वाटायचे.

हे आठवण्याचे कारण असे, की गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी नवा फोन घेण्याचे ठरले आणि ते काम माझ्यावर आले. मी कॉलेजात शिकतो, धाराशिवला राहतो, म्हणजे मला कळत असणार, असा घरच्यांचा समज. आता फोनला जबडा नसतो. सगळेच फोन काळे, चपटे आणि पुसलेल्या पाटीसारखे. आजोबा असते तर तेसुद्धा दुकानात हात मागे बांधून उभे राहिले असते.

पैसे आईचे होते. आमच्याकडे काळ्या उस्मानाबादी शेळ्या आहेत. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे, आणि ते नाव तिला शोभते. या जातीत जुळे पुष्कळदा होते. आईच्या एका शेळीने दोन बोकडे दिली, ती आईने वर्षभर पाला घालून वाढवली आणि ईदेच्या आधी विकली. दोघांचे सोळा हजार आले. आईने ते माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, "फोन घे. पन नीट घे बाबा. परत बोकडं कवा व्हत्यात कवा न्हाई."

घरात तोवर चालता स्मार्टफोन एकच होता, तोही माझ्याजवळ वसतिगृहात असे. अण्णांकडे बटनांचा फोन. माझा फोन २०१८ चा. त्याच्यावरचे कंपनीचे नाव पुसले गेले आहे, तेव्हा मीही ते सांगत नाही. काच तडकलेली, मागचे झाकण रबराने बांधलेले, आणि काहीही उतरवून घ्यायला गेले की 'जागा शिल्लक नाही' असे तो सांगे. एस.टी.च्या कंडक्टरसारखे.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पिकांची नोंद करीत. आता शेतकऱ्याने स्वतः फोन घेऊन रानात उभे राहायचे, आपला गट निवडायचा, पीक भरायचे, फोटो काढायचा, आणि ती नोंद सातबाऱ्यावर चढते. पुढे नुकसानीची मदत असो की हमीभावाने खरेदी असो, ही नोंद लागते. २०२४ च्या खरिपात अण्णांचा मला फोन आला, "मुदत सरायली, येतुस का?" मी म्हणालो, रविवारी येतो. त्या रविवारी युवक महोत्सवाच्या एकांकिकेची तालीम होती. पुढच्याही रविवारी होती. एकांकिकेत मी शेतकऱ्याच्या मुलाचे काम करीत होतो. (हसू नका.) शेवटी गेलो तेव्हा माझ्या फोनने ते अ‍ॅप घेतलेच नाही. जागा नव्हती आणि फोनची प्रणालीही फार जुनी होऊन गेली होती. अण्णा शेजाऱ्याच्या विहिरीवर जाऊन बसले. शेजाऱ्याचा दहा वर्षांचा मुलगा शाळेतून येईपर्यंत, म्हणजे दुपारभर, बसून राहिले. एकाच फोनवरून दुसऱ्या खातेदाराचीही नोंद करता येते म्हणून बरे. त्या मुलाने पाच मिनिटांत काम करून दिले. घरी येताना मी काहीतरी बोललो, तर अण्णा म्हणाले, "त्यांच्याकडं फोन हाय, आपल्याकडं न्हाई. त्यात काय एवढं." त्यांनी मला एक शब्द बोलला असता तर मला बरे वाटले असते.

तर असा फोन घ्यायचा होता. आणि तरीही, मित्रहो, मला घ्यायचा होता आयफोन.

आमच्या वसतिगृहात दोन पंथ आहेत. एक अँड्रॉइडवाल्यांचा आणि दुसरा आयफोनवाल्यांचा. दुसऱ्या पंथात माणसे तीनच, पण आवाज त्यांचाच मोठा. भारतात शंभरातले पंचाण्णवांच्या आसपास फोन अँड्रॉइडचे आहेत. आमच्या मजल्यावरही प्रमाण तेच निघेल. रात्री जेवणानंतर वाद सुरू झाला की अकरा वाजतात. एकदा मी मराठीचा विद्यार्थी म्हणून मध्यस्थी केली. म्हणालो, हा जुनाच वाद आहे, संतकवी आणि पंतकवी यांचा. अँड्रॉइड म्हणजे संतांची दिंडी, वाटेत जो भेटेल तो सामील. सहा हजारांचा फोन असो की लाखाचा, कोणतीही कंपनी असो, सगळ्यांच्या गळ्यात तीच माळ. आयफोन म्हणजे पंडिती काव्य. वृत्त बिनचूक, यमक जागच्या जागी, अलंकार भरपूर, पण सोवळ्यात. यंत्रही त्यांचेच, प्रणालीही त्यांचीच. हे वर्गीकरण सर्वांना पसंत पडले. आयफोनवाले तर पंत म्हणवून घ्यायला आनंदाने तयार झाले.

नंतर मात्र मला माझ्या उपमेची शंका येऊ लागली. दिंडी फुकट असते हे खरे, पण ही दिंडी गूगलची आहे. अँड्रॉइड नावाची छोटी कंपनी २००३ साली निघाली, गूगलने ती २००५ मध्ये विकत घेतली, आणि २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. मूळ प्रणाली कोणालाही घेता येते. पण ज्या दुकानातून आपण अ‍ॅप घेतो ते प्ले स्टोअर फोनमध्ये हवे असेल तर फोन बनवणाऱ्याने गूगलचे बाकीचे गाठोडेही घेतले पाहिजे, असा करार असे. यावरूनच आपल्या देशाच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अपील झाले, काही आदेश गळले, पण दंड मार्च २०२३ मध्ये कायम राहिला. तेव्हा वीणेकऱ्याच्या पायाशी गल्लाही आहे. हे मी वादात सांगितले तेव्हा दोन्ही पंथांनी मला गप्प बसवले.

पण मला खरे कुतूहल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. दोनच पंथ का? आमच्या घरातला पहिला फोन नोकिया ११००. हा फोन २००३ मध्ये आला आणि जगभरात पंचवीस कोटींच्या वर खपला. त्याच्या बटनांवर अखंड रबरी पडदा असे, धूळ आत जात नसे. आणि डोक्याला विजेरी होती. अण्णा रात्री पाणी धरायला जात ते त्याच विजेरीच्या उजेडात. फोन म्हणून त्याचा उपयोग कमी आणि बॅटरी म्हणून जास्त. त्या काळी नोकिया म्हणजेच मोबाईल होता. तिच्या महागड्या फोनांत सिंबियन नावाची प्रणाली असे. २००७ मध्ये आयफोन आला, पाठोपाठ अँड्रॉइड आले, आणि नोकियाने २०११ मध्ये सिंबियन सोडून मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनचा हात धरला. २०१४ मध्ये फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टला विकला. त्याच वर्षी श्रीपेरुंबुदूरचा तिचा प्रचंड कारखाना बंद पडला. तो २००६ मध्ये सुरू झालेला. पुढे विंडोज फोनही गेले. ब्लॅकबेरी, जो एके काळी फक्त साहेबांच्या कमरेला दिसे, त्याच्या जुन्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ ला थांबली. एवढे मोठमोठे वाडे दहा-पंधरा वर्षांत कसे पडले?

मला याचे उत्तर आठवडी बाजारात मिळाले. आमच्या भागात एके काळी जवळजवळच्या तीन गावांत बाजार भरत. हळूहळू एक वाढला. भाजीवाला म्हणे, गिऱ्हाईक तिकडे आहे. गिऱ्हाईक म्हणे, भाजीवाले तिकडे आहेत. तिसऱ्या गावाने ओटे बांधले, पाण्याची टाकी बांधली, पहिल्या वर्षी पट्टीही माफ केली. बाजार काही बसला नाही. आता त्या ओट्यांवर गुरे बसतात. प्रणालीचेही तसेच आहे. अ‍ॅप लिहिणारे म्हणजे भाजीवाले. आयफोनचे अ‍ॅपचे दुकान जुलै २००८ मध्ये उघडले तेव्हा त्यात सुमारे पाचशेच अ‍ॅप होती, पण गिऱ्हाईक आले, मग माल आला, मग आणखी गिऱ्हाईक. त्याच वर्षी अँड्रॉइडचा बाजार बसला. विंडोजचे ओटे चांगले होते असे जाणकार सांगतात. पण तिथे हवी ती भाजी मिळेना.

तिसरा बाजार बसवण्याचे प्रयत्न आपल्याकडेही झाले आहेत. २०१४ मध्ये फायरफॉक्स प्रणालीचा एक फोन १,९९९ रुपयांना विकायला आला होता. ती प्रणाली मेली, पण तिच्याच बीजातून निघालेली कायओएस २०१७ मध्ये जिओच्या बटनांच्या फोनात आली आणि लोकांच्या हातात पोचली. आमच्या मामांकडे तो फोन होता. १,५०० रुपये अनामत भरून घेतलेला. आणि एक प्रयत्न तर आपल्या मुंबईचा. आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांनी २०१५ मध्ये इंडस ओएस काढली. पाया अँड्रॉइडचाच, पण वर मराठी, गुजराती, तमिळ अशा भाषा. इंग्रजीत आलेल्या मजकुरावर बोट फिरवले की तो आपल्या भाषेत व्हायचा. स्वस्त देशी फोनांत ती चालली, आणि काही काळ भारतात तिचे फोन आयफोनपेक्षा जास्त झाले होते. मग चिनी स्वस्त फोनांची लाट आली, देशी कंपन्या मागे पडल्या, आणि ज्या गाडीला ती जुंपली होती तीच थांबली. २०२३ च्या जानेवारीत आयआयटी मद्रासमधून भारओएस आली. ती दुकानात जाऊन घ्यावी अशी मला तरी कुठे दिसली नाही.

एवढे ज्ञान मिळवूनही मन आयफोनवरच. याला काय म्हणावे? माझ्या खोलीमित्राचा चुलतभाऊ आपला आयफोन एक्सआर विकत होता. तांबडाभडक रंग, ओरखडा नाही, बॅटरी ८१ टक्के. बारा हजार. बोकडांच्या पैशात बसत होता, वर चार हजार उरत होते. मी तो हातात घेऊन पाहिला. खरे सांगतो, हातात घेतल्यावर मी थोडा वेगळाच माणूस झालो. कँटीनमध्ये तो टेबलावर पालथा ठेवायचा, म्हणजे मागचे सफरचंद दिसेल, एवढा विचार माझ्या मनात आला. माझ्या मनात आईचा विचार त्या दिवशी आला नाही.

आला तो दुसऱ्या दिवशी, आणि तोही आजोबांच्या मार्फत. वाचनालयात वर्तमानपत्र वाचताना दिसले, की जून २०२५ मध्ये आयफोनची नवी प्रणाली जाहीर झाली आहे आणि जे जुने फोन ती घेणार नाहीत त्यांत एक्सआर आहे. एक्सआर निघाला २०१८ मध्ये. म्हणजे सात वर्षे त्याला नवी प्रणाली मिळत आली होती आणि आता मिळणार नव्हती. मी वाचता वाचता थांबलो. हेच तर दात! फोन किती जीबीचा, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, ही शिंगे आणि घुंगुरमाळ. त्याला अजून किती वर्षे अपडेट येणार, ते त्याचे दात. अपडेट थांबले म्हणून फोन त्या दिवशी मरत नाही, बैलही जुळल्यावर लगेच बसत नाही. पण चोरांनी शोधलेली भोके बुजवणे हळूहळू थांबते, मग बँकेचे अ‍ॅप तोंड फिरवते, मग एके दिवशी शेताच्या नोंदीचे अ‍ॅप म्हणते, तुमच्या फोनवर चालणार नाही. हे मी भोगलेले होते. तांबडाभडक एक्सआर हा जुळलेला बैल होता. उत्तम जातीचा, राखलेला, पण जुळलेला.

मग मी धाराशिवातच एका दुकानात गेलो. विक्रेता माझ्याच वयाचा. त्याने धडाधड सांगायला सुरुवात केली, पन्नास मेगापिक्सेल, पाच हजारांची बॅटरी, एकशेवीस हर्ट्झ. मी विचारले, "भाऊ, अपडेट किती वर्षं येणार?" तो म्हणाला, "येत राहतेत की." मी म्हणालो, किती वर्षे? त्याने मालकाकडे पाहिले. मालकाने पंख्याकडे पाहिले. महागड्या फोनांना हल्ली सात वर्षांचे वचन असते. गूगलने ते २०२३ मध्ये स्वतःच्या फोनांना दिले, सॅमसंगने २०२४ मध्ये. स्वस्तात मात्र कोणी दोन वर्षे म्हणते, कोणी चार, कोणी काहीच म्हणत नाही. शेवटी आम्ही तिघांनी मिळून एकेका फोनची माहिती शोधली आणि चौदा हजारांच्या आत सहा वर्षे सुरक्षेचे अपडेट देऊ म्हणणारा एक फोन सापडला.

माझी दुसरी परीक्षा ऐकून विक्रेत्याला मी थोडा वेडा वाटलो. मी त्या फोनवर 'शेतकऱ्याच्या' हा शब्द लिहून पाहिला. आमचे मराठीचे सर या एका अक्षरासाठी वर्गात जीव टाकतात. 'र'चा असा अर्धा फाळ मराठीला लागतो, हिंदीला लागत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी तो नीट उमटत नाही आणि 'शेतकर्याच्या' असे काहीतरी होऊन बसते. या फोनवर तो बरोबर उमटला. सर फोनला भ्रमणध्वनी म्हणतात आणि स्वतः तो बंद ठेवून कपाटात ठेवतात, पण ही परीक्षा त्यांना आवडली असती.

भाषेचा मुद्दा आईसाठी होता. आई चौथी शिकलेली. मराठी अक्षर सावकाश वाचते, इंग्रजी नाही. अँड्रॉइडची पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये आली, तेव्हापासून फोनच्या साऱ्या सूचना मराठीत करून घेता येतात. आयफोनने ती सोय दिली मार्च २०२५ च्या अखेरीस, म्हणजे दहा वर्षांहून जास्त काळाने. पंतांना प्राकृतात उतरायला वेळ लागतो असे मी त्या रात्री वसतिगृहात जाहीर केले, आणि तांबडा एक्सआर सोडून दिल्याचे दुःख थोडे हलके करून घेतले. थोडेच झाले. अजूनही कोणाच्या हातात तो रंग दिसला की मी वळून बघतो.

शनिवारी फोन घेऊन कळंबच्या गाडीत बसलो, पुढे गावी. अण्णांनी खोके उघडू दिले नाही. आधी हळद-कुंकू झाले. मग त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला, उलटून पाहिला आणि मला विचारले, "किती दाती हाय?"

मी त्यांना अपडेटचे काही सांगितले नव्हते. ते थट्टेने म्हणाले होते. मी म्हणालो, "आदत हाय, अण्णा."

भाषा मराठी केली आणि फोन आईच्या हातात दिला. तिने बोट ठेवून एकेक शब्द लावला. 'पुढे', 'अनुमती द्या', 'नंतर'. एका ठिकाणी 'रद्द करा' आले तशी तिने फोन खाली ठेवला. तिला वाटले, आपल्या हातून काहीतरी रद्द होईल. एकदा कुठल्याशा योजनेच्या यादीतून तिचे नाव रद्द झाले होते, तेव्हापासून तो शब्द तिला ठाऊक आहे. तिला पुष्कळ समजावले, की इथे 'रद्द करा' म्हणजे नुसते मागे फिरणे. तिला अजून पटलेले नाही. ती तो शब्द दिसला की फोन तसाच ठेवून देते आणि मी घरी येईपर्यंत वाट बघते.

फोन घरी ठेवला. मी परत आलो तो जुना, रबर बांधलेला घेऊन. ऑगस्टमध्ये अण्णांनी ई-पीक पाहणी स्वतः केली. पहिला फोटो त्यांच्या स्वतःच्याच तोंडाचा आला, टोपी, मिशा आणि मागे आभाळ. समोरचा कॅमेरा चालू राहिला होता. मग सोयाबीनचा काढला. नोंद झाल्यावर दोन्ही मला पाठवले, आणि सोबत काही लिहिले नाही, कारण लिहायचे कसे ते मी शिकवलेच नव्हते.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस पावसाने आपल्या जिल्ह्यात काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. भूम-परंड्याकडे माणसे पाण्यातून काढावी लागली. आमच्याकडे तेवढे झाले नाही, पण ओढ्याकाठचे रान तीन दिवस पाण्याखाली होते. मी फोन करीत होतो, लागत नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी अण्णांकडून एक फोटो आला. तेच बांध, तीच बाभळ, आणि सोयाबीन होते तिथे तांबडे पाणी. थोड्या वेळाने चित्रासह फोन आला. त्यांना फोन डोळ्यांसमोर धरायचा की कानाला लावायचा हे अजून नक्की होत नाही, त्यामुळे मला बराच वेळ त्यांचा कान दिसत होता. "शेळ्या वर आनल्यात," ते म्हणाले. "तुझी आई बरी हाय. पंचनाम्याला साहेब येनार हायत. हिरव्या रानाचा फोटु दावू का न्हाई त्यांला?"

मी म्हणालो, दाखवा, नोंदही दाखवा.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा ते दोन्ही फोटो मी पुन्हा पाहायला घेतले. पण ते लवकर सापडेनात. मधल्या काळात पुण्याहून ताईने तिच्या मुलीचे शंभरेक फोटो पाठवले होते, आणि आईने त्यातला एकही पुसलेला नव्हता. वर वर सरकवत बरेच मागे जावे लागले. आई शेजारी बसून होती आणि दर वेळी बोट उचलले की सांगत होती, "बघ हां, रद्द करू नको."